लेझरडिस्क कॅप्चर करताना आवाज मागे पडतो? आधी फ्रेम मोजा

लक्षण सगळ्यांकडे सारखंच असतं. लेझरडिस्कची एक बाजू संगणकावर घेतली, पहिली पाच मिनिटं पाहिली, सगळं छान. दहा-बारा मिनिटांनी काहीतरी खटकायला लागतं. बाजू संपेपर्यंत आवाज चित्राच्या चांगलाच मागे पडलेला असतो. एडिटिंगमध्ये आवाज पुढे ओढला तर शेवट जुळतो आणि सुरुवात बिघडते. मग माणूस केबल बदलतो, प्लेअरचा सिग्नल संगणकात घेणारा डोंगल बदलतो, सॉफ्टवेअर बदलतो. एखादी डिस्क नीट येते, आपण सुटलो म्हणतो, आणि पुढच्या डिस्कला पुन्हा तेच.

या चक्रात माझा एक अख्खा पावसाळा गेला. धाकटे काका योकोहामाला नोकरीला होते. १९९६ साली पुण्याला परतले तेव्हा कपड्यांपेक्षा जास्त वजनाचं एक खोकं सोबत होतं: जपानी लेझरडिस्क प्लेअर आणि पंचावन्न डिस्क. निम्म्याहून अधिक रेल्वेच्या, म्हणजे चालकाच्या केबिनमधून दिसणारा रूळ, डोंगर, बोगदे. काका आता पंच्याऐंशीचे आहेत आणि त्यांना हे सगळं टॅबवर पाहायचं आहे. पहिली फाइल दिली, तर पाहून म्हणाले, "अरे, अंधार आधी आणि बोगद्याचा आवाज नंतर? ही गाडी काय कॅसेटवर चालते का?"

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एलपी रेकॉर्डएवढी, ३० सेंटिमीटर व्यासाची चकचकीत तबकडी. घरी येणारा प्रत्येक जण तिला 'मोठी सीडी' म्हणतो. पण तिच्यावरचं चित्र डिजिटल नाही. खड्ड्यांच्या लांबीत आणि अंतरात अ‍ॅनालॉग व्हिडिओ सिग्नल भरलेला असतो. त्यामुळे संगणकात घालून 'कॉपी' असा प्रकार नाही. प्लेअरवर वाजवायची, बाहेर येणारा सिग्नल पकडायचा, अर्ध्या तासाच्या बाजूला अर्धा तास द्यायचा. आणि पकडताना एखादी फ्रेम हातातून सुटली, तर ती कुणी सांगत नाही.

इथेच बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं. आवाज मागे पडतो म्हणून आपण आवाजाच्या मागे लागतो. आवाज बिचारा जागेवरच असतो. मधल्या फ्रेम गळाल्या की चित्र आखूड होतं आणि पुढे पळतं.

पण गळती गृहीत धरण्याआधी मागे पडण्याची जात ओळखा. त्यासाठी तीन ठिकाणी पाहायचं: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. ओठांची हालचाल असेल तर उत्तम, टाळी किंवा दार आपटणं असेल तर आणखी उत्तम. माझ्याकडे बोगदे होते.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल, समजा दोन-तीन फ्रेमचा, तर काही बिघडलेलं नाही. प्लेअरची किंवा डोंगलची मेमरी चित्र जरा थोपवते. आवाज एकदाच सरकवा आणि विसरून जा.

फरक एकसारख्या गतीने वाढत असेल, म्हणजे मध्याला जेवढा त्याच्या बरोबर दुप्पट शेवटी, तर हिशेब करा. एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) व्हिडिओ सेकंदाला ३० नाही, २९.९७ फ्रेमचा असतो. सॉफ्टवेअरने फाइलवर ३० लिहिलं की चित्र एक हजारांशाने वेगात धावतं: तासाला ३.६ सेकंद, अर्ध्या तासाच्या बाजूला १.८. तुमचा फरक या आकड्याला लागून असेल तर पुन्हा कॅप्चर करू नका, फाइलचा फ्रेमरेट दुरुस्त करा. याहून बराच कमी पण असाच एकसारखा वाढणारा फरक असेल, तर आवाज आणि चित्र वेगवेगळ्या यंत्रांनी घेतलंय का ते पाहा. चित्र डोंगलने आणि आवाज लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून, हे मीही केलंय. दोन यंत्रांची दोन घड्याळं, ती कधी जुळत नाहीत.

तिसरी जात म्हणजे पायऱ्या पायऱ्यांनी वाढणारा फरक. सात मिनिटं काही नाही, मग अचानक एक धक्का, पुन्हा शांत, पुन्हा धक्का. ही फ्रेमगळती. माझी एक बाजू २७ मिनिटं ४२ सेकंदांची होती आणि शेवटी आवाज १.१ सेकंद मागे होता. ३० विरुद्ध २९.९७ चा घोळ असता तर १.६६ यायला हवे होते. म्हणजे तो नाही.

पुढे जाण्याआधी भारतातल्या लोकांसाठी एक गोष्ट, कारण यात दोन दिवस वाया जातात. डोंगलचं सॉफ्टवेअर देश भारत धरून पॅल, म्हणजे आपल्याकडची टीव्ही पद्धत, निवडतं. जपानी आणि अमेरिकन डिस्क एनटीएससी असतात. चित्र काळंपांढरं झालं, वर सरकत राहिलं किंवा दर सेकंदाला अडखळलं तर आधी ती सेटिंग पाहा. तिथेच एनटीएससी-एम आणि एनटीएससी-जे असे दोन पर्याय दिसले तर जपानी डिस्कला 'जे' द्या. अमेरिकेत काळ्याची पातळी शून्याहून जरा वर, ७.५ टक्क्यांवर ठेवतात, जपानमध्ये शून्यावरच. 'एम'वर घेतली तर जपानी डिस्कचे गडद भाग काळ्यात बुडतात. माझे पहिले सहा बोगदे असेच बुडाले.

आता मुख्य गोष्ट. लेझरडिस्कच्या दोन जाती. सीएलव्ही डिस्कच्या एका बाजूवर तासभर मावतो आणि ती बाहेर सरकता सरकता हळू फिरत जाते. सीएव्ही डिस्क एकाच गतीने फिरते, मिनिटाला १,८०० फेरे, एका फेऱ्यात एक फ्रेम, बाजूला अर्धा तास. या सीएव्ही डिस्कवर प्रत्येक फ्रेमला क्रमांक दिलेला असतो. चित्राच्या वर, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींत तो लिहिलेला असतो. १ पासून जास्तीत जास्त ५४,००० पर्यंत. तुम्ही ज्या फितीची लांबी मोजायला धडपडताय तिच्यावर मोजपट्टी छापूनच आलेली आहे, आणि आपण केबल बदलत बसतो.

तर असं करा. रिमोटवरचं डिस्प्लेचं बटण दाबून क्रमांक पडद्यावर आणा आणि त्या क्रमांकासकट पूर्ण बाजू कॅप्चर करा. ही फाइल ठेवायची नाही, फक्त तपासायची आहे. मग फाइलमधल्या एकूण फ्रेम किती ते पाहा आणि शेवटच्या फ्रेमवरच्या क्रमांकाशी ताडा. माझ्या डिस्कवर शेवटचा क्रमांक होता ४९,८१२. फाइलमध्ये फ्रेम होत्या ४९,७७९. तेहतीस गायब. एक फ्रेम साधारण ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे तेहतीस फ्रेमचा १.१ सेकंद. काकांच्या बोगद्याचा हिशेब दशांशापर्यंत जुळला. त्या क्षणी मला झालेला आनंद घरात कुणालाही समजावून सांगता आला नाही.

एक सावधगिरी. फिल्मवर चित्रित झालेल्या काही सीएव्ही डिस्कवर पाचांपैकी एका फ्रेमला क्रमांकच नसतो, कारण २४ फ्रेमचा सिनेमा ३० मध्ये बसवताना एक फ्रेम भरीची पडते. अशा डिस्कवर क्रमांक सेकंदाला २४ च्या चालीने पुढे जातात. एक मिनिटभर पाहून चाल ठरवा, मग बेरीज करा. रेल्वेच्या डिस्क थेट व्हिडिओवर घेतलेल्या होत्या, म्हणून माझं काम सोपं झालं.

किती गळल्या ते कळलं. कुठे गळल्या ते शोधायला फाइल फ्रेम फ्रेम पुढे सरकवत १२,४०६ नंतर १२,४०८ आला की ती जागा लिहून ठेवायची. कंटाळवाणं आहे. चहा घेऊन बसा. सगळी फाइल चाळायची गरज नसते. दर हजार फ्रेमवर उडी मारून फाइलमधला क्रम आणि पडद्यावरचा क्रमांक यांतला फरक पाहायचा, फरक वाढला त्याच हजारात शोधायचं.

आणि आता ती पायरी जी कुणीच करत नाही: तेच पुन्हा कॅप्चर करा. काही हलवू नका, बदलू नका, फक्त पुन्हा. दोन्ही वेळा त्याच क्रमांकांवर फ्रेम गळत असतील तर दोष डिस्कमध्ये किंवा प्लेअरमध्ये. वेगवेगळ्या क्रमांकांवर गळत असतील तर दोष संगणकाच्या बाजूला. दुसऱ्या वेळी माझ्या एकोणतीस गळल्या. त्यांपैकी एकवीस क्रमांक पहिल्या यादीतलेच होते. म्हणजे घरात चोर दोन होते, आणि एकाला पकडलं की दुसरा राहत होता. केबल बदलून, डोंगल बदलून प्रश्न 'थोडा सुधारायचा' तो यामुळे.

संगणकाकडचा चोर सोपा निघाला. ७२० बाय ४८० चं न दाबलेलं चित्र सेकंदाला वीस-एकवीस मेगाबाइट होतं. मी डोंगल आणि बाहेरची हार्डडिस्क एकाच यूएसबी हबला लावली होती, येणारं आणि जाणारं पाणी एकाच नळातून. डोंगल थेट लॅपटॉपच्या पोर्टला, कॅप्चर आतल्या एसएसडीवर, अँटीव्हायरस बंद, वायफाय बंद. न दाबलेल्याऐवजी हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ असा काहीही न गमावणारा कोडेक, म्हणजे चित्र दाबून साठवायची पद्धत. फक्त एक करू नका: थेट एमपी४ मध्ये घेणं. जुनी मशीन तिथेच धापा टाकतात. कॅप्चरसाठी व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर खाली 'ड्रॉप्ड' आणि 'इन्सर्टेड' असे दोन आकडे दिसतात. दोन्ही शून्य राहायला हवेत. 'इन्सर्टेड' म्हणजे गळलेल्या जागी आधीचीच फ्रेम पुन्हा डकवली. फाइलची लांबी बरोबर येते आणि आपण फसतो. क्रमांक मात्र फसत नाही, तोच आकडा दोनदा दिसतो.

डिस्ककडचे एकवीस. त्यांतले सतरा ३१,२०० च्या आसपास एकवटलेले होते. आता सीएव्हीची गंमत पाहा. एक फेरा म्हणजे एक फ्रेम, आणि दोन शेजारच्या फेऱ्यांत साधारण १.६७ मायक्रॉनचं अंतर. नोंद आतून बाहेर जाते, केंद्रापासून ५५ मिलिमीटरवर सुरू होते. ३१,२०० गुणिले १.६७ मायक्रॉन म्हणजे ५२ मिलिमीटर, अधिक ५५. म्हणजे डाग केंद्रापासून १०७ मिलिमीटरवर असायला हवा. शाळेची पट्टी घेतली, डिस्क दिव्याखाली धरली. काही नाही. स्वच्छ. तरी पुसली, पुन्हा वाजवली, गळती तशीच.

दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. लेझर खालून वाचतो. ज्या बाजूचं लेबल वर दिसतं ती बाजू खरं तर तळाला असते. मी 'अ' लेबलाचा चेहरा घासत होतो आणि 'अ' बाजूची नोंद पाठीवर होती. डिस्क उलटी केली, पट्टी लावली, १०७ वर मोहरीएवढा वाळलेला थेंब. चहा असावा. काकांनी साफ इन्कार केला आहे.

पुसण्याबद्दल: या डिस्क अ‍ॅक्रिलिकच्या असतात. स्पिरिट, आयसोप्रोपाइल, काच पुसायचे फवारे लावू नका, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जाऊ शकतात. डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर. केंद्रापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. गोल चरा पडला तर तो एकाच फ्रेमच्या मार्गावर लांबवर पसरतो, आडवा चरा प्रत्येक फ्रेमचा एखादाच बिंदू खातो आणि प्लेअर तो सावरून नेतो. लेबल भिजू देऊ नका.

थेंब गेल्यावर सतरा गेले, चार राहिले. ते राहणारच आहेत. तिथे पडद्यावर रंगीत ठिपके मुंग्यांसारखे वळवळतात, जागा बदलत, आणि डिस्कचा पृष्ठभाग मात्र निर्मळ दिसतो. याला लेझर रॉट म्हणतात. डिस्क दोन पातळ चकत्या चिकटवून बनते, आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या थराला गंज चढतो. पुसून जात नाही, थांबतही नाही. पुण्याच्या जुलैत कपाट बंद ठेवलेलं असलं की काय होतं ते सांगायला नको. डिस्क उभ्या ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि ज्यांत मुंग्या दिसायला लागल्या त्या आधी कॅप्चर करा. आवडत्या आधी घेऊ नका, आजारी आधी घ्या.

अशा चार फ्रेमसाठी उपाय एवढाच की फ्रेम गेली तरी तिची जागा जाऊ नये. प्लेअर आणि डोंगल यांच्या मध्ये एनटीएससी घेणारा जुना डीव्हीडी रेकॉर्डर बसवला. रेकॉर्डिंगसाठी नाही, फक्त सिग्नल त्याच्या पोटातून जाण्यासाठी. आतली मेमरी तुटलेल्या सिंकच्या (फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणाऱ्या ठोक्याच्या) जागी आधीची फ्रेम धरून ठेवते आणि डोंगलला ठोक्यावर ठोका मिळत राहतो. सगळ्या रेकॉर्डरना हे जमत नाही. माझा दुसरा रेकॉर्डर चालला, पहिला चालू करताच वास मारून गेला. रेकॉर्डरमधली चित्र 'सुधारणारी' प्रत्येक सेटिंग बंद करा, नाहीतर वेगात पळणारे रूळ सारवल्यासारखे दिसतात.

आवाजाचं शेवटी एकच सांगतो. प्लेअरला ऑप्टिकल आउट असेल आणि डिस्कवर डिजिटल आवाज असेल, तर तो ४४.१ किलोहर्ट्झला जसाच्या तसा घेता येतो. साउंडकार्डचं घड्याळ बाहेरच्या सिग्नलवर ठेवा, मग तो चित्राबरोबरच चालतो. एकदा सुरुवात जुळवली की शेवट आपोआप जुळला पाहिजे. जुळला नाही तर फ्रेम गळाली आहे, परत वर जा. आणि गुणगुण ऐकू येत असेल, चित्रात आडवे पट्टे भराभर पळत असतील, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर कॅप्चर करून पाहा. जपानी प्लेअर १०० व्होल्टचा असतो. बुधवार पेठेत सहज मिळणारे स्टेपडाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारे ट्रान्सफॉर्मर, ११० व्होल्टचे असतात. मी १०० चा बनवून घेतला आणि प्लेअरपासून हातभर दूर ठेवला.

हे सगळं वळसा घालून जाण्याचा एक मार्ग आहे, ज्यांना हौस आणि हार्डडिस्क दोन्ही आहे त्यांच्यासाठी. १९८६ साली बीबीसीने डूम्सडे नावाचा मोठा प्रकल्प लेझरडिस्कवर काढला. पुढे त्या डिस्क वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली. त्या वाचवण्याच्या खटपटीतून डूम्सडे डुप्लिकेटर हे हार्डवेअर आलं. त्याच्या जोडीला एलडी-डीकोड हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. प्लेअरच्या आत लेझरकडून येणारा कच्चा सिग्नलच सेकंदाला चार कोटी वेळा मोजून साठवायचा आणि चित्र नंतर सॉफ्टवेअरने तयार करायचं. सेकंदाला ५० मेगाबाइट, अर्ध्या तासाला ९० जीबी. प्लेअर उघडून आत तार जोडावी लागते, म्हणून एकुलता एक प्लेअर असेल तर विचार करा. पण त्यात फ्रेमचे क्रमांक सॉफ्टवेअर स्वतः वाचतं आणि कुठला आकडा गायब आहे ते सांगतं. एकाच डिस्कच्या दोन-तीन प्रती असतील तर एकीचा डाग दुसरीच्या चित्राने भरूनही काढता येतो. मी अजून तिथवर गेलेलो नाही. पायोनियरने २००९ साली प्लेअर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे काकांच्या प्लेअरला स्क्रूड्रायव्हर लावायला हात धजत नाही.

राहिलेल्या नऊ डिस्क सीएलव्ही आहेत. त्यांच्यावर पडद्यावर क्रमांकाऐवजी वेळ येते, जुन्या डिस्कवर तर नुसती मिनिटं. तिथे मी असं करतोय: डिस्प्ले चालू ठेवून दोनदा कॅप्चर, मग दोन्ही फाइलींत १० वं मिनिट उजाडल्यापासून २० वं उजाडेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. आकडे वेगळे आले तर कमी आकड्याच्या फाइलमध्ये गळती. दोन्ही सारखे आले तरी त्याच जागी दोन्हीकडे गळल्या असतील, म्हणून तिसऱ्यांदा मध्ये रेकॉर्डर घालून. सीएलव्हीवर फेरा आणि फ्रेम यांचं लग्न नसतं, त्यामुळे डागही पडद्यावर एका जागी न थांबता तिरका सरकत जातो आणि पट्टी लावून इतक्या सहज जागा काढता येत नाही. तिथे पूर्ण बाजू पुसायची. तळाची.